सर्वांत खालची दुरडी

भोरला आमच्या घरामागे दुसऱ्याचे घर होते आणि त्याच्यामागे तिसऱ्याचे. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, तोरण्याच्या पायथ्याशी असलेल्या त्या वाडीच्या शाळेवर वडिलांची बदली झाली, तेव्हा आमच्या घरामागे काहीच नव्हते. म्हणजे रान होते. शाळेची एकच खोली, तिला लागून आमची राहण्याची खोली, आणि त्या खोलीच्या कुडाला टेकलेली करवंदीची जाळी. जाळीत सदैव काहीतरी हलत असे. नाना, म्हणजे माझे वडील, पुस्तकातून डोके वर न काढता म्हणत, "सरडा असेल." प्रत्येक वेळी सरडाच कसा असेल, असे मला विचारावेसे वाटे, पण विचारण्याचे धैर्य नव्हते. मी तेरा वर्षांची होते. भोरच्या मुलींच्या शाळेत सहा इयत्ता पुऱ्या केलेली, पाठांतरात पहिली आणि बोलण्यात शेवटची. आई बाळंतपणासाठी तिच्या माहेरी भोरलाच राहिली होती. नानांना चहा करून देणे, शाळा झाडणे आणि उरलेला सगळा वेळ भिणे, एवढाच माझा त्या हिवाळ्यातला दिनक्रम होता, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

भीतीला नावे नसतात तोवर ती सर्वांत मोठी असते. मला ती नावे ठकूकाकूंनी दिली. वाडीतल्या नऊ घरांपैकी सर्वांत मोठे घर त्यांचे, आणि आम्हा बापलेकींचे दोन वेळचे जेवण त्यांच्याकडेच असे. साठीच्या घरातली बाई, उंच, हाडापेराने रुंद, आणि तोंडाने अखंड बोलणारी. मी भाकरीचा तुकडा हातात धरून दचकले की त्या चुलीवरून नजर न हलवता सांगत, "ते भेकर हाय. कुत्र्यावानी भुकतं, पर हरनाच्या जातीचं. त्येला वाघाचा वास आला की भुकतं." झाडाच्या शेंड्यावरून कोणी दात कराकरा खाल्ल्यासारखा आवाज आला तर, "शेकरू. आपली खार नसती का, तिची थोरली भैन." वानर खाकरले, कोतवाल पक्षी ओरडला, परसात साळिंदराचे काटे खुळखुळले, प्रत्येकाची ओळख त्यांनी अशीच करून दिली. नावे कळल्यावर भीती जाईल, असे त्यांना वाटे. प्रत्यक्षात ती फक्त वाटली गेली. पूर्वी एक होती, आता पंधरा झाल्या. भेकर वाघाच्या वासाने भुंकते हे कळल्यापासून तर भेकर भुंकले की मला वाघच ऐकू येऊ लागला. तेथे बिबट्यालाही वाघच म्हणत, आणि दोघांत फरक करण्याइतका निवांतपणा मला कधी मिळाला नाही.

त्या वर्षी लढाईमुळे धान्याची ओढ होती. खाचरातला तांदूळ दसऱ्यानंतर घरात आला आणि पौषापर्यंत कणगीचा तळ दिसू लागला. नाचणीची भाकरी पातळ झाली, मग तिची आंबील झाली. वाळवून ठेवलेला कुर्डूचा पाला, हुलग्यांचे पाणी, उंबराची फळे वाळवून केलेले पीठ, असे एकेक पानात येऊ लागले. मला आठवते की त्या आंबिलीला चुलीच्या धुराचा आणि मडक्याच्या मातीचा एक वास असे. आज कितीही प्रयत्न केला तरी तो वास मला स्वयंपाकघरात आणता येत नाही, आणि आणावासाही वाटत नाही. अशा वर्षी त्या बाजूची माणसे कंद खणत. कोनफळ आणि करांदे सर्वांना ठाऊक असतात. पण ते सहज सापडणारे म्हणून लवकर संपणारे. मग उरे तो एक रानकंद, ज्याला वाडीत 'कडू' एवढेच नाव होते. तीन पानांचा, काटेरी देठाचा वेल. हिवाळ्यात पाने गळून जातात तेव्हा तो वाळक्या वेलाच्या वळशावरून ओळखायचा. काकूंनी मला दाखवले होते, कोनफळाचा वेल झाडाला उजवा वळसा घालून चढतो, कडूचा डावा. जमिनीखाली डोक्याएवढा गड्डा निघतो. एका घराला आठवडाभर पुरेल एवढा. पण तो तसाच शिजवून खाल्ला तर घशात आग पडते, जीभ लाकडासारखी होते, माणूस झिंगतो, आणि पुष्कळ खाल्ला तर उठत नाही.

त्यातले विष काढण्याची रीत ठरलेली होती. कंद सोलून पातळ काप करायचे, हाताला खाज सुटू नये म्हणून राख चोळायची, काप बांबूच्या दुरडीत भरायचे आणि दुरडी ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगडांच्या आधाराने सात दिवस ठेवायची. रोज सकाळी दुरडी बाहेर काढून काप राखेने चोळायचे आणि खालचे वर, वरचे खाली करायचे. कारण तळाच्या कापांतून पाणी वाहत नाही, ते न हलवता राहिले तर कडू ते कडूच राहतात. नऊ घरांच्या नऊ दुरड्या एकाच दिवशी ओढ्यात बसत, एकीखाली एक. चाखणारीची, म्हणजे सर्वांच्या आधी काप खाऊन पाहणाऱ्या बाईची, दुरडी सर्वांत खाली. वरच्या आठ दुरड्यांचे कडू पाणी तिच्यातून जाते, तेव्हा सर्वांत वाईट दुरडी तीच. तिच्यातला तळाचा काप माणसाला बाधला नाही, तर वरच्या आठही निर्धोक. मी पुढे शास्त्राची पुस्तके वाचली, मुलींना शिकवलीही. पण पडताळा पाहण्याची इतकी स्वच्छ रीत मला क्वचितच आढळली. वाडीची चाखणारी अर्थात ठकूकाकू होत्या. आधी त्यांच्या सासूबाई होत्या.

त्या वर्षी दुरड्या ओढ्यात बसल्या आणि त्याच दिवशी काकूंच्या टाचेत गेळ्याच्या झाडाचा काटा मोडला. पाय सुजून भोपळा झाला. त्यांची सून सोना गरोदर, आठवा महिना. तिला ओढ्याच्या निसरड्या दगडांवर पाठवणे शक्य नव्हते. मी आंबील पीत होते. काकूंनी माझ्याकडे पाहिले.

"मास्तर, तुमची कुसूम द्या मला पाच-सा सकाळी. दुरडी हलवाया."

"तिला जमेल का?" नानांनी विचारले.

"न जमाया काय झालं? शाळंतली पोर हाय. सांगितल्यालं चुकायची न्हाई."

त्यांच्या या विश्वासाने मला त्या वेळी जी धडकी भरली, ती पुढे कोणत्याही परीक्षेने भरली नाही. पण 'नाही' म्हणायला तोंड उघडावे लागते.

आठ घरच्या बायका ओढ्याच्या वरच्या टप्प्यावर, उघड्यावर, हसत-खिदळत काप चोळत. काकूंची दुरडी एका वळणापलीकडे होती. तेथे दोन्ही काठांवर कारवी माथ्याहून उंच वाढलेली, वरून जांभळी-उंबरांची सावली, आणि ऊन उतरायला बराच वेळ लागे. वळण ओलांडले की बायकांचे आवाज पाण्याच्या खळखळाटात बुडून जात. पहिल्या तीन सकाळी मी गेले. दुरडी उचलली, काप चोळले, खालचे वर केले. हे सगळे मान न वळवता, पाठीशी कोणीतरी उभे आहे अशा खात्रीने. चौथ्या सकाळी मी दुरडीपाशी वाकले आणि काठाच्या चिखलात एक पाऊल दिसले. माझ्या तळहाताएवढे. चार बोटे आणि मागे गादी. त्यात पाणी झिरपत होते; म्हणजे खळगा अजून भरत होता. मी ते भरताना पाहिले. मग वरच्या कारवीत कुठेतरी भेकर एकदाच भुंकले.

मी पळाले नाही. पळण्यासाठीही काही धीर लागतो. मी मागच्या मागे, पावलामागे पाऊल टाकत वळणापर्यंत आले, आणि तेथे एका दगडाआड बसून राहिले. किती वेळ, ते सांगता येत नाही. बायका परत निघाल्याचे आवाज आले, तेव्हा मी परकराचा काठ पाण्यात बुडवला, बरोबर आणलेली राख हातांना फासली आणि त्यांच्या मागोमाग वाडीत आले.

"हलवली का गं?" काकूंनी अंथरुणावरून विचारले.

मी मान डोलावली. खोटे बोलण्यासाठी मला बोलावेही लागले नाही. पाचव्या आणि सहाव्या सकाळीही असेच घडले. रोज मी ठरवून निघे की आज जायचेच. रोज त्या दगडापाशी येऊन मी बसून राही. मी स्वतःची समजूत घालीत असे की तीन दिवस हलवली आहे, पाणी तर वाहतेच आहे, विष पाण्याबरोबर जात असेलच. ज्या मुलीने वाटीतली साखर ढवळल्याशिवाय नीट विरघळत नाही हे शाळेत लिहून शाबासकी मिळवली होती, तिनेच ही समजूत घातली.

सातव्या दिवशी काकूंच्या मुलाने दुरडी घरी आणली. वरचे काप पांढरेशुभ्र, मऊ दिसत होते. तळाचे काप काढून दोन पाण्यांत उकडले. दुपारी सारी वाडी काकूंच्या अंगणात जमली. चाखण्याची वेळ भर उन्हातली असे, कारण ती सावलीवर मोजली जाई. काप खाल्ल्यापासून अंगणातल्या जांभळीची सावली उखळाला टेकेपर्यंत थांबायचे. आणि तोवर चाखणारीने अखंड बोलत राहायचे. विष प्रथम जिभेवर बसते. बोलणे जाड झाले की समजायचे. काकूंना हा नियम शिक्षेसारखा कधीच वाटला नसावा. त्या एक सुजलेला पाय चौरंगावर ठेवून बसल्या, काप तोंडात टाकला, आणि वाडीचा कारभार पाहणारे तात्या समोर होते त्यांच्यावरच घसरल्या.

"ह्या तात्याला इचारा. लगनात हा बैलावरनं पडला व्हता. मुंडावळ्या बैलाच्या शिंगात आन् नवरदेव शेनात."

"ठकूवैनी, कशापायी ते दर येळी काढता?" तात्या म्हणाले. ते सत्तरीचे होते.

"काढनारच. नवरी म्हनली, ह्यापरीस बैल बरा."

बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी खांबाला धरून उभी होते. एकच वाक्य बोलायचे होते: काकू, थुंका. दोन शब्द. ते घशापर्यंत येत, आणि चाळीस माणसांचे चेहरे पाहून खाली जात. मी मनाशी म्हणत होते, पुढचे वाक्य त्यांनी संपवले की बोलेन. त्यांनी ते संपवले. मग पुढचे. सावली उखळापासून अजून हातभर दूर असताना त्या 'शिंगात' हा शब्द पुन्हा उच्चारू लागल्या, आणि तो त्यांना उच्चारता येईना. त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला. अंगणातले हसू कसे थांबले, ते मला आजही ऐकू येते. एकदम नव्हे, एकेका माणसापासून.

सोनाने चिंचेचे पाणी आणले, कोणी ताक आणले. काकूंना ओकाऱ्या झाल्या, डोळे फिरले, हातपाय लुळे पडले. नाना त्यांची नाडी धरून बसले होते. मी आमच्या खोलीत, करवंदीच्या जाळीकडच्या भिंतीला पाठ लावून बसले. ज्या भिंतीची मला इतके महिने भीती वाटली तिलाच. काकू मेल्या तर, एवढाच एक विचार होता, आणि त्याला पुढचे टोक नव्हते. दिवस मावळायच्या सुमारास नाना आले आणि म्हणाले, "शुद्धीवर आहेत. वाचतील." मी तेव्हाही काही बोलले नाही. आता सगळे मिटले, अशी माझी कल्पना झाली होती.

दुसऱ्या सकाळी कळले की ते मिटलेले नाही. तात्यांनी निर्णय दिला होता: खालची दुरडी बाधली, तेव्हा वरच्या आठांचा भरवसा नाही. कोणा पोराने भुकेपोटी खाल्ले तर? आठही दुरड्या ओढ्यातून काढून खाली डोहात ओतायच्या. काकूंनी अंथरुणावरून त्याला रुकार दिला होता. सोना सांगत होती की सासूबाई रात्रभर एकच बोलत होत्या, "माझा हात गेला. माझी मोजदाद चुकली. आता माझ्या जिभंचं कुनी ऐकू नगा." पुन्हा खणायला वेळ नव्हता, आणि जवळपास कडूचे वेलही उरले नव्हते. होळीपर्यंत नऊ घरांनी काय खायचे, हे कोणी बोलत नव्हते. म्हणूनच ते सर्वांना ऐकू येत होते.

मी बायकांच्या मागोमाग ओढ्यावर गेले. सर्वांत वरची दुरडी हौसाकाकींची. एकटी बाई, दोन नातवंडे पदरात. त्यांनी ती स्वतःच उचलली आणि डोहाच्या कडेला नेऊन पालथी केली. पांढरे काप पाण्यावर पसरले, जरा तरंगले आणि एकामागोमाग एक बुडाले. हौसाकाकी रडल्या नाहीत. त्यांनी रिकामी दुरडी दोनदा आपटली, चिकटलेला शेवटचा काप पडावा म्हणून. तात्यांनी दुसऱ्या दुरडीला हात घातला.

"वरच्या चांगल्या आहेत," मी म्हणाले.

कोणी ऐकले नाही. पाण्याचा आवाज होता, आणि माझा नव्हता.

"वरच्या चांगल्या आहेत! खालची मी हलवली नाही. तीन दिवस मी तिथपर्यंत गेलेच नाही."

या वेळी तो आवाज मलाच इतका मोठा वाटला की वर झाडावरचे वानर खाकरले ते माझ्यामुळेच, असा मला भास झाला. तात्या दुरडी हातात धरून थांबले. सोना काठावर बसली होती. ती पोटाला हात लावून सावकाश उठली आणि माझ्यासमोर आली.

"काल सासू माझी मरत व्हती, तवा ही वाचा कुठं गेली व्हती?"

मी त्या प्रश्नासाठीच हे प्रकरण लिहायला घेतले आणि कागद सरत आला तरी उत्तर सापडलेले नाही.

"पोरगी भ्यालीय, म्हनून काय बी बोलती," एक बाई म्हणाली.

"खरं असंल तर खाऊन दाव," सोना म्हणाली. "आता सगळ्यांत खाली जी हाय, तिच्या तळातलं."

नानांना कोणी बोलावून आणले होते. ते धावत आले, सगळे ऐकले आणि तात्यांना म्हणाले, "मुलीची चूक आहे, शिक्षा मला द्या. मी खातो."

"मास्तर, ही शिक्षा न्हवं," तात्या म्हणाले. त्यांचा सूर रागाचा नव्हता, आणि त्यामुळे मला अधिक भीती वाटली. "जिला ठावं हाय म्हनती, तिनं चाखायचं. तुमाला कुठं ठावं हाय?"

नाना माझ्याकडे वळले. "कुसूम, खात्री आहे तुझी?"

मला खात्री नव्हती. त्या आठ दुरड्या हलवताना मी पाहिल्या होत्या, पण तीन सकाळी मी दगडाआड होते. बायकांनी रोजच्यासारख्या हलवल्या असतील, असे मी धरून चालले होते. माझ्यासारखी भिणारी आणखी एखादी त्यांच्यात नसेल कशावरून? मी मान डोलावणार होते, मग मानेवर विश्वास ठेवण्याचे दिवस संपले हे ध्यानात येऊन म्हणाले, "खात्री नाही. पण मी खाते."

पुन्हा तेच अंगण, तेच ऊन, तोच चौरंग. ठकूकाकूंना दोघांनी धरून ओटीवर आणून बसवले होते. एका दिवसात त्यांचा चेहरा निम्मा झाला होता. त्यांना सगळे सांगितले गेले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. सोनाने उकडलेला काप पळसाच्या पानावर आणून ठेवला. करड्या-पांढऱ्या रंगाचा, नखाएवढा जाड. मी तो तोंडात घातला. त्याला चव नव्हती. म्हणजे होती की नव्हती, तेच मला कळेना. जिभेच्या टोकाशी काहीतरी चुरचुरले, ते कापाचे की भीतीचे? मी गिळला. आता तो माझ्यात होता आणि बाहेर काढता येणार नव्हता. जांभळीची सावली उखळापासून दोन हात दूर होती.

"बोल," तात्या म्हणाले.

मी बाराचा पाढा म्हणू लागले. बारा एके बारा, बारा दुणे चोवीस. बारा सत्ते चौऱ्याऐंशीपर्यंत आले तोच ओटीवरून काकूंचा घोगरा आवाज आला.

"पाठ केल्यालं नगं. पाठ केल्यालं जीभ जड झाली तरी येतं. मनातलं बोल."

माझ्या मनात एकच गोष्ट होती. मी तीच बोलू लागले. वळणाबद्दल, कारवीबद्दल, पाऊलखुणेत पाणी कसे चढत होते त्याबद्दल. परकर कसा भिजवला, राख कशी फासली. एकेक वाक्यागणिक मी जीभ दातांना लावून पाहत होते, ती जाड होते आहे का. ओठ बधिर वाटत होते. मी थबकले की सगळे अंगण पुढे झुके, म्हणून मी थबकत नव्हते.

"नखं उठली व्हती का?" तात्यांनी मध्येच विचारले.

"कुठे?"

"पावलात, चिखलावर. वाघाची नखं उठत न्हाईत, तो आत घेतो. नखं दिसली असतील तर कुत्रं."

मी आठवू पाहिले. चार बोटे, गादी, चढणारे पाणी. बोटांपुढे काही होते का? मला दिसेना. "मी पाहिले नाही," मी म्हणाले.

"मग आमचा मोत्या असंल," मागून कोणीतरी पुटपुटले. "सकाळी वड्याला पानी प्याया जातो."

"मोत्याला भिऊन माझ्या सासूला मारत व्हती!" सोना म्हणाली, आणि काय झाले कोण जाणे, एक बाई हसली, मग दुसरी. त्या हशाने मला जितके मेल्यासारखे झाले तितके कापाने झाले नव्हते. पण बोलणे थांबवता येत नव्हते. मी सांगत राहिले की भेकर मात्र भुंकले होते, ते मी ऐकले, ते खरे आहे. की काल या खांबाला धरून मी 'थुंका' म्हणणार होते आणि म्हटले नाही. की काकू मेल्या असत्या तर मी भोरला पळून जाणार होते आणि वाट माहीत नव्हती. ऊन डोक्यावर होते. पाठीवरून घाम उतरत होता. नाना उखळाजवळ उभे राहून सावलीकडेच पाहत होते, जणू नजरेने ती ओढता येईल. एकदा 'काठावर' म्हणताना माझी जीभ अडखळली, आणि सगळे अंगण श्वास रोखून उभे राहिले. मी तो शब्द पुन्हा म्हटला. नीट आला.

सावली उखळाला टेकली तेव्हा मला ते कळले नाही. मी बोलतच होते. हौसाकाकींचे सगळे काप माझ्यामुळे बुडाले, त्यांना आमच्या वाट्याचे नाचणीचे पीठ द्यावे, असे काहीतरी मी नानांना सर्वांसमक्ष सांगत होते. जे बोलायला मला एरवी वर्ष लागले असते.

"पुरं," ठकूकाकू म्हणाल्या. "टेकली सावली. आता गप बसलीस तरी चालंल."

त्या भिंतीला धरून उठल्या, लंगडत उकडलेल्या कापांच्या पातेल्यापाशी आल्या. सोनाने त्यांचा दंड धरला, "आत्या, तुमी नगं, कालच..." काकूंनी तिचा हात बाजूला केला. कोपरापर्यंत हात घालून त्यांनी तळाचा एक काप काढला आणि वाडीकडे पाहिले. पाहणाऱ्यांना वाटावे की त्यांचा माझ्यावर भरवसा आहे, आता ज्याने त्याने आपापल्या घरी चूल पेटवावी. त्यांनी काप तोंडाशी नेला. आणि ओठांपाशी तो हात थांबला.

फार वेळ नाही. तात्यांना ते दिसले नसेल, बायकांना तर नाहीच. मी अगदी जवळ होते. चाळीस वर्षे जी बाई न कचरता चाखत आली, तिच्या डोळ्यांत मी त्या क्षणी माझ्या चांगल्या ओळखीची भीती पाहिली. ती तिथे मी नेऊन ठेवली होती. मग त्यांनी काप तोंडात टाकला, चावला, गिळला, आणि सवयीने बोलायला तोंड उघडले. पण काय बोलावे ते त्यांना सुचले नाही.